करगोट्याखालचा डाग

मित्रांनो, माझ्यावर काळपट राप चढला आहे, म्हणून मला लोखंडाची साखळी समजू नका. मी चांदीचा जुना करगोटा आहे. ढाणकीच्या एका सोनाराने कडीत कडी गुंफून मला घडवले आणि मी उकंडाच्या कमरेला आलो.

उकंडा कपाशीत राबायचा, धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, गवत कापायचा. "हा हाय म्हणून पायजामा जाग्यावर हाय," असे तो हसत सांगायचा. आमच्या घरची एक रीत होती. जिवंत माणसाचा करगोटा काढायचा नाही. तो उतरतो माणूस गेल्यावरच.

एका वर्षी पोळा झाला, गवत माजले आणि उकंडाला ताप भरला. ती धग सर्वांत आधी मला लागली. डोके दुखते म्हणून तो कपाळाला फडके आवळून पडून राही. गवतातला एक किडा, डोळ्यांना न दिसणारा, माझ्या आडोशाला येऊन चावला होता. तिथे काळी खपली धरली होती, विडीचा चटका बसावा तशी, भोवती लालसर कडे. ना दुखे, ना खाजे. अंग पुसताना त्याच्या बायकोला, मैनाबाईला, ती दिसली.

"करगोट्याचा काच पडला," ती म्हणाली. तिने हळद लावली आणि मला पुन्हा खपलीवर सरकवले.

दवाखाना उद्यावर जात राहिला. मग एका पहाटे माझ्या कड्या हळूहळू थंड होत गेल्या. घरच्यांनी मला तोडून उतरवले.

पुढची वर्षे मी पेटीच्या अंधारात काढली. मित्रांनो, चांदी लवकर निवते म्हणतात. पण तो ताप आणि नंतरचा तो गारवा माझ्यातून गेला नाही. मुलाच्या, अंकुरच्या लग्नात मैनाबाईने माझी तुटलेली कडी जोडून घेतली आणि मला त्याच्या कमरेला बांधले.

यंदा पोळ्यानंतर अंकुर गवत कापून आला. काही दिवसांनी मी तापू लागलो. तीच धग. माझ्याखाली तीच खपली. मला ओरडता येत नव्हते.

त्याची बायको सुरभी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मैनाबाईही गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या काखा पाहिल्या, मान पाहिली. मग म्हणाल्या, "मावशी, हा करगोटा काढा. खाली बघायचंय."

मैनाबाईने मला मुठीत धरले. "जित्याचा काढत नसतात, बाई. याच्या बापाचा उतरवला तवा तो गेलता."

"आत्याबाई," सुरभी सासूला म्हणाली, "उतरवला म्हणून मामाजी गेले नाही. गेले म्हणून उतरवला."

"आई, डोकं फुटून राह्यलं वो," अंकुर कण्हला.

मैनाबाईने मूठ उघडली. माझा आकडा तिनेच काढला. मी बाजूला झालो आणि तिला ती काळी खपली दिसली.

"हा तं त्यायले बी होता! मी काच समजली. हळद लावली वो मी."

"याला स्क्रब टायफस म्हणतात, गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "हा डाग सगळ्यांना उठत नाही, पण दिसला तर लगेच ओळखता येतो. वेळेवर औषध मिळालं की माणूस बरा होतो." त्यांनी त्याच वेळी गोळ्या सुरू केल्या.

अंकुरचा ताप उतरला. मी पुन्हा त्याच्या कमरेला आहे. पण आता तो शेतातून आला की मैनाबाई दारातच अडवते.

"वर कर तो करगोटा. पाहू दे."

"लायना पोरगा आहो काय मी?"

"लायना असता तं कान पिळला असता. वर कर!"

मित्रांनो, गवतातून, झुडपातून आलात की अंघोळ करा, कपडे बदला. काख, मांडी, कानामागे, कमरेच्या दोऱ्याखाली नीट पाहा. ताप आला, तर डाग असो वा नसो, मोठ्यांना सांगा आणि दवाखान्यात जा. माझ्यासारख्या जुन्या वस्तूचा मान राखायचा असेल, तर मला जरा बाजूला सरकवा.

रात्री अंकुर झोपला की मी त्याचे अंग चाचपत राहतो. तो कोमट असतो. तेवढे कळले, की मीही निवतो.