बक्षिसातला मोठा पाच

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि तळहाताएवढा एक आकडा मनात आणा. गुळगुळीत लाकडाचा, उलटा कोरलेला, कडांमध्ये काळी शाई मुरलेली. दिसला? तोच मी. मी एक जुना लाकडी पाच आहे.

एका सुताराने मला कोरले, घासले, तेल पाजले आणि मी एका लहान छापखान्यात कामाला लागलो. मालकांची बोटे कायम काळी, म्हणून त्यांना सगळे शाईकाका म्हणत. दुकानांच्या जाहिराती छापणे हा त्यांचा धंदा. "आकडा ठसठशीत हवा, माल आपोआप उठतो," असे ते सांगत. "तुमचा पाच रस्त्यापलीकडून वाचता येतो हो," असे दुकानदार म्हणाले की मी फुगून जाई.

एका दुपारी टिल्लू आणि तिची आई धापा टाकत आल्या. टिल्लूचे आजोबा सकाळी फिरायला गेले ते परतलेच नव्हते. आयुष्यभर घड्याळे दुरुस्त केलेल्या त्या माणसाला आता घरचा रस्ताही आठवत नसे.

"पोलिसांत सांगून आलेय," आई म्हणाली. "आता पत्रक छापा. शोधून देईल त्याला पाच हजार."

शाईकाकांनी हाताच्या सवयीने मला उचलले आणि मधोमध बसवले. मी आणि माझ्यापुढे तीन मोठी शून्ये. आजोबांचा फोटो उरलेल्या कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

पत्रके भिंतींवर लागली आणि टिल्लूच्या घरचा फोन थांबेना. एकजण म्हणाला, "निम्मे पैसे आधी पाठवा, मग पत्ता सांगतो." दुसऱ्याने तर एका अनोळखी गृहस्थांना हाताला धरून दारात आणून उभे केले.

"अहो, मी हरवलेलो नाही," ते गृहस्थ वैतागले होते. "दाढी करायला निघालो होतो!"

टिल्लूने आणणाऱ्याला विचारले, "काका, माझे आजोबा दिसतात कसे, ते वाचलंत ना?"

"ते कुठे लिहिलंय? तिथे तर पाच हजार लिहिलंय."

टिल्लू थेट छापखान्यात आली. "शाईकाका, पैसे लहान करा आणि आजोबांना मोठं करा."

"रक्कम लहान केली तर पत्रक वाचेल कोण, बाळ?"

"ज्यांनी आजोबांना पाहिलंय ते."

शाईकाकांनी मला चौकटीतून काढून बाजूला ठेवले. नव्या पत्रकात फोटो मोठा झाला. त्याखाली टिल्लूने सांगितलेले छापले: 'हे आजोबा तुम्हाला वेळ विचारतील. तुमचे घड्याळ चुकीचे आहे, असेही सांगतील. रागावू नका. त्यांना बसवून घ्या आणि आम्हाला कळवा.' बक्षीस अगदी तळाशी, माझ्या चिमुकल्या भावाकडे, शिशाच्या बारीक पाचाकडे.

दुसऱ्या दिवशी बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंचा फोन आला. "कालपासून एक आजोबा मला छळतायत. घड्याळ मागे पडलंय म्हणे. तुमचा कागद वाचला आणि भिंतीवरचं घड्याळच काढून दिलं त्यांच्या हातात. बसलेत उघडून. लवकर या, नाहीतर सगळी चाकं माझ्या टेबलावर येतील."

आई आणि टिल्लू पोहोचल्या तेव्हा घड्याळ पुन्हा भिंतीवर होते, बरोबर वेळ दाखवत. आजोबांनी टिल्लूकडे पाहिले आणि म्हणाले, "उशीर केलास गं."

आईने पाचही हजार पुढे केले. "घेते की," बाई म्हणाल्या. "शब्द दिलाय तुम्ही, नाही कशाला म्हणू?" आणि सगळे हसले.

मित्रांनो, आज मी कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवला जातो. माझी शेकडो पत्रके निघाली, पण ज्या पत्रकात मी नव्हतो, त्याचाच मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो. हरवलेल्यासाठी बक्षीस जरूर लावा आणि लावलेत तर द्या. पण आधी त्या माणसाची नीट ओळख सांगा. पैशाने लोक जागे होतात, ओळखीने माणूस सापडतो.

आजोबा घरी आल्यावर टिल्लू त्यांचा हात धरून गावभर फिरली आणि तिने आपली पत्रके काढून घेतली. एका पत्रकाखाली दुसरे निघाले. कुणाचा तरी मुलगा हरवला होता. रक्कम हातभर, मुलाबद्दल एकच ओळ. ते घेऊन ती छापखान्यात आली.

"शाईकाका, यांच्या घरी जाऊन विचारायचं का? हा दादा चालतो कसा, बोलतो कसा, त्याला काय आवडतं?"

शाईकाका चपला शोधू लागले. टिल्लू तोवर कोपरा वळून, पत्ता विचारत, पुढे निघालीसुद्धा होती.