अडीच तास पुढचे गेनबा

कापूरहोळच्या फाट्यावर धनश्रीचं कॅमेरे बसवण्याचं आणि दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. उत्रोलीच्या सावळारामकाकांचा फोन आला, तो मात्र दुरुस्तीसाठी नव्हता.

"गेनबाचं चित्र पेनड्राईवमधी भरून दे. पोलीस पाटलाला दावायचंय."

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी दहाच्या सुमारास काकांच्या शेळ्या फाटकातून सुटल्या आणि शेजारच्या गेनबातात्यांचा निम्मा तरवा खाऊन बसल्या. लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपंच ती! तात्या तावातावानं आले. काकांनी मोबाईलवर फाटकावरच्या कॅमेऱ्याचं सव्वादहाचं रेकॉर्डिंग काढलं, तर फाटकाच्या कडीला हात घालणारे खुद्द तात्याच दिसले. काकांनी तिथंच शोध थांबवला. तात्या सांगत राहिले, "दहाला म्या भोरात दवाखान्यात व्हतो," पण ऐकतंय कोण? चाळीस वर्षांचा शेजार एका सकाळीत मोडला.

धनश्रीनं काकांच्या ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात दहा वाजून चौदा मिनिटं. तात्या फाटक उघडून आत आले. पाठीला फवारणीचा पंप.

"पंप कुणाचा?"

"आमचाच. तात्यांनी मागून न्हेला व्हता," काकांच्या पत्नी साळूबाई म्हणाल्या. "पण त्यो तर सकाळी चा ठिवला, तवाच हितं ओट्यावर दिसला मला."

"चहा किती वाजता ठेवता, मावशी?"

"आटला. रोजचंच हाय."

धनश्रीचा हात थांबला. आठ वाजता पंप ओट्यावर, आणि तो आणणारा माणूस सव्वादहाला? तिनं चित्र मोठं केलं. फाटकाशेजारच्या शेवग्याची सावली पार रस्त्यापर्यंत पसरली होती. दहाचं ऊन इतकी लांब सावली पाडत नाही.

ती उठून फाटकापाशी गेली आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. परत येऊन पाहिलं तर पडद्यावर तिचा हात एक वाजून पन्नास मिनिटांनी हलला होता. मोबाईलमध्ये अकरा वीस झाले होते.

बरोब्बर अडीच तास! बिघाड असता तर आकडा असा नेमका आला नसता. तिनं सेटिंग उघडलं. कॅमेरा इंटरनेटवरून वेळ बरोबर घेत होता, पण देश मात्र जिथं तो बनला तोच, अडीच तास पुढचा, धरून बसला होता. फेब्रुवारीत कॅमेरा बसवताना तो बदलायचा राहिला होता. बसवला कुणी? तिनंच.

"काका, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तात्या आले ते पावणेआठला. आणि हे बघा, जाताना त्यांनी कडी लावलीय."

"मग शेळ्या सोडल्या कुणी?"

तिनं कॅमेऱ्यातले पावणेएक, म्हणजे खरे सव्वादहा काढले. कानाला मोबाईल लावून एक माणूस गाडी ढकलत बाहेर पडला. फाटक तसंच सताड उघडं. मागोमाग एक शेळी, मग दुसरी, मग सगळी रांगच.

साळूबाई पडद्याजवळ वाकल्या. "आवं, ह्ये तर तुमीच!"

काका टोपी सारखी करून उठले. "चल पोरी. तू बी चल."

गेनबातात्या बांधावर बसले होते. काकांनी सगळं सांगितलं, स्वतःचंसुद्धा. "माझा तरवा जास्त हाय. लागंल तेवढा उपट," एवढं बोलून ते मान खाली घालून उभे राहिले. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते धनश्रीला म्हणाले,

"म्हंजी हितं आट वाजत्यात, तवा तिकडं साडेधा?"

"हो तात्या. तिकडं सूर्य आधी उगवतो."

"किती आदी?"

तिनं ढेकूळ उचललं, ही पृथ्वी म्हणत ते सूर्यासमोर धरून हळूहळू फिरवून दाखवलं. तात्या डोळे बारीक करून बघत राहिले. काकाही नकळत जवळ सरकले. "परत फिरीव," तात्या म्हणाले, आणि काकांना बसायला जागा करून दिली.

निघताना धनश्रीनं वेळ नीट करून दोनदा तपासली. त्याच खोक्यातले आणखी सहा कॅमेरे तिनं बसवले होते. स्कूटीवर बसायच्या आधी तिनं शिवऱ्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

"भामाबाई, जरा कॅमेऱ्यात बघून सांगा, किती वाजलेत?"