हिरव्या रुमालावरचे मासे

निवृत्त झाल्यापासून भोंगाबाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. बस आगारात त्यांनी उभी हयात गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली, आणि हे नावही तिथेच चिकटलं. आता घोषणा ऐकायला घरात माणूसच नव्हतं. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता आणि एकुलती एक लेक मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या खोलीत कामाला. ती समुद्रावर गेली की फोन लागला तर लागला. मग बाई पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या. बसल्या की उठायच्या आणि उठल्यावर, आपण कशाला उठलो तेच विसरायच्या.

असंच एकदा त्यांनी लेकीच्या कपाटाचा खालचा खण आवरायला काढला. आत स्कार्फ आणि डोक्याला बांधायच्या रुमालांचा हा ढीग! इंजिनापाशी केस बांधून ठेवावे लागतात, म्हणून लेक बंदराबंदरावर रुमाल घ्यायची आणि विटले की घरी आणून कोंबायची. काहींवर तेलकट डाग, काहींचे काठ उसवलेले.

"पडूनच तर आहेत," असं स्वतःशीच म्हणत बाईंनी सगळे गरम पाण्यात साबण घालून खळखळून धुतले, कडक इस्त्री केली आणि शिलाई मशीन पुढ्यात ओढलं.

मग काय विचारता! रेशमी स्कार्फांचे उशांचे अभ्रे झाले. सुती रुमालांचे चौकोन जोडून खिडकीला पडदा लागला. जाड रुमाल दुहेरी शिवून गरम भांडी उचलायला झाले, चिंध्यांच्या वेण्या घालून पिशव्यांचे बंद झाले. घर भरलं तशा बाई शेजारीपाजारी वाटत सुटल्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंच्या खुर्चीला पाठीची उशी, समोरच्या चित्रकाराच्या कुत्र्याला गळपट्टा. "अहो, नको," म्हणायला कुणाला उसंतच मिळत नव्हती. नकार तोंडातून बाहेर पडेपर्यंत बाई जिना उतरलेल्या असायच्या.

आणि एका दुपारी लेकीचा फोन आला. आवाज तुटक तुटक येत होता.

"आई, मी शनिवारी येतेय. रविवारी आपल्याकडे भिंगरीची आई येणार आहे."

भिंगरी म्हणजे लेकीची प्रशिक्षणातली मैत्रीण, एका खोलीत राहणारी. पोरगी एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. सुट्टीत घरी गेली, तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. त्या गोष्टीला वर्ष होत आलं होतं. लेक त्याबद्दल बोलायची नाही आणि बाईंनीही कधी खपली काढली नव्हती.

"येऊ देत की. कशासाठी येतायत?"

"माझ्याकडे तिचा रुमाल आहे. सुट्टीला जाताना आम्ही अदलाबदल केली होती. हिरवा, काळ्या माशांचा. खालच्या खणात ठेवलाय. त्यांना तो हवाय. आहे ना गं?"

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "आहे ना! जाणार कुठे?" त्या म्हणाल्या, आणि फोन कट झाला.

हिरवा रुमाल त्यांना लख्ख आठवत होता. अर्ध्याची औषधवाल्या बाईंची उशी झाली होती. उरलेल्या अर्ध्याच्या पट्ट्या फाडून त्याची वेणी कुत्र्याच्या गळ्यात पडली होती.

चपला पायात अडकवून त्या तशाच निघाल्या. औषधवाल्या बाईंच्या दुकानात गर्दी होती. भोंगाबाई काउंटरच्या आत शिरल्या आणि त्यांच्या पाठीमागची उशीच ओढायला लागल्या.

"अहो काकू, काय करताय? माझी कंबर आत्ता कुठे सुधारतेय!"

"दुसरी देते, याहून मऊ देते. ही परत हवीय."

"दिलेली वस्तू कुणी परत मागतं का?" औषधवाल्या बाई हसत म्हणाल्या. मग त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता स्वतःच अभ्रा उसवायला कात्री दिली.

कुत्रा मात्र इतका समजूतदार नव्हता. चित्रकाराने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, बाई गळपट्टा सोडवत राहिल्या आणि कुत्रा त्यांचा कान चाटत राहिला. वेणी हातात आली तेव्हा तिचं एक टोक चघळून चघळून चोथा झालेलं होतं.

"एवढं काय आहे त्यात?" चित्रकाराने विचारलं.

"माझा गाढवपणा," बाई म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

त्यांनी वेणी उलगडली, पट्ट्यांवर इस्त्री फिरवली आणि माशाला मासा जुळवत टाके घालायला घेतलं. घातलेली शिवण पुन्हा उसवायच्या. शनिवारी सकाळी लेक दारात उभी राहिली तेव्हा बाई मशीनवरच होत्या. लेकीने पाठीवरची बॅगही उतरवली नाही. ती मशीनखालच्या हिरव्या कापडाकडे बघत राहिली.

"हे काय केलंस?"

"अगं, मला काय माहीत..."

"मला विचारलंस?"

"कुठे विचारू? समुद्राला?" बाईंचा आवाज चढला. "तू इथे असतेस का? चार भिंतींशी बोलून बोलून डोकं फिरायची वेळ येते माझ्यावर! हाताला काही चाळा नसला तर मी वेडी होईन, कळतंय का तुला?"

"म्हणून माझ्या मैत्रिणीच्या वस्तूवर कात्री?"

लेक आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. संध्याकाळी लेक आपणहून बाहेर आली, समोर बसली आणि सुईत दोरा ओवून देऊ लागली. राग गेला नव्हता, पण बसली होती.

रविवारी भिंगरीची आई आली. उंच, सडपातळ बाई. बोलणं हळू आवाजातलं. चहा झाल्यावर भोंगाबाईंनी घडी केलेला रुमाल तिच्या हातात दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: खण, कात्री, उशी, कुत्रा. "यात कुठलीही सबब नाही," त्या म्हणाल्या. "माझी चूक आहे."

भिंगरीच्या आईने शिवणींवरून बोट फिरवलं. चघळलेल्या जागी ठिगळ होतं, त्यापाशी बोट थांबलं. मग तिने रुमाल नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

"धुतलात का, ताई?"

भोंगाबाईंची मान आपोआप खाली गेली. कात्रीबद्दल बोलायची सगळी तयारी त्यांनी केली होती. याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "गरम पाण्यात."

लेक उठून खिडकीशी गेली. बाईंना वाटलं, आपणही उठावं, कप उचलावेत, नळ सोडावा, काहीतरी करावं. पण त्या बसून राहिल्या. समोरची बाई रडत असताना उठून जाणं त्यांना जमलं नाही.

डोळे पुसून भिंगरीची आई म्हणाली, "कुत्र्याने खाल्लं हे तिला कळतं ना, तर हसून हसून लोळली असती." मग जरा थांबून, "माझ्याकडे तिची पेटी आहे. असल्याच रुमालांनी भरलेली. झाकण उघडते आणि लावून टाकते. एकटीने होत नाही. याल का तुम्ही?"

"मी?" भोंगाबाईंना आपण नीट ऐकलं का तेच कळेना. "माझ्या हातात तुम्ही कात्री द्याल?"

"कात्री माझ्या हातात राहील. तुम्ही फक्त बसा. आणि धुवायचं नाव काढू नका."

पुढच्या आठवड्यात भोंगाबाई बसने तिच्या घरी गेल्या. भिंगरीची आई एकेक रुमाल बाहेर काढायची आणि हुंगायची. ज्यांना वास होता ते तिने पुन्हा पेटीत ठेवले. बाकीचे टेबलावर आले.

"काय करायचं यांचं?" भोंगाबाईंनी विचारलं. त्यांच्या डोक्यात अभ्रे, पिशव्या, पडदे, सगळं एकदम घुमत होतं.

"ते मागाहून बघू."

तिने कात्री चालवली ती अगदी तिरकी. भोंगाबाईंचे हात नुसते शिवशिवत होते. "जरा डावीकडे," एवढंच त्यांच्या तोंडून निसटलं, आणि त्यांच्या आगारातल्या आवाजाने भिंगरीची आई दचकली. मग दोघींनाही हसू फुटलं.

त्या तुकड्यांचा पडदा झाला आणि तो भिंगरीच्या आईच्या स्वयंपाकघरात लागला. एक बाजू कट्ट्यापर्यंत लोंबते, दुसरी अर्ध्यावरच थांबते. लेक पुन्हा जहाजावर गेली. निघताना तिने जुन्या स्कार्फांची एक पिशवी आईपुढे ठेवली, "यांचं काय करायचं ते कर," म्हणाली आणि खालच्या खणाला मात्र कुलूप लावून गेली. भोंगाबाई अजूनही बसल्या की उठतात. पण दर गुरुवारी त्या बस पकडतात, आणि तिकडे पोचल्या की पहिला वाद पडद्याची लांब बाजू कापायची की आखूड बाजू वाढवायची यावरच होतो.