ओल्या पाचरी

"अवो, पुरे करा आता. रुळाले न्हाऊ घालून राहिले का त्याचं लगीन लावून राहिले?" डोक्यावरची घागर उतरवत मनकर्णा म्हणाली.

"सरकारचा सायेब येनार हाय आज," नत्थुजी वाकल्या वाकल्याच म्हणाला. "पावना यायच्या आंधी अंगन सारवतेस का नाई तू? तसंच हाय हे."

त्याने घागरीत लोटा बुडवला आणि रुळाच्या बुडाशी ठोकलेल्या लाकडी पाचरीवर पाण्याची बारीक धार धरली. लाकूड घटाघटा पाणी प्यायलं. नत्थुजीने पाचरीवर हात फिरवला आणि तो पुढच्या पाचरीकडे सरकला.

लोखंडाच्या बैठकीत रूळ बसवलेला असतो आणि ही पाचर त्याला तिथे आवळून धरते. पाचर ढिली झाली की रूळ हलतो, आणि रूळ हलला की पुढे काय होतं ते सांगायला नको. आगगाडी कंपनीचे लोक पाचरीला चावी म्हणत, म्हणून नत्थुजी चावीवाला. हातोडा खांद्यावर टाकून निघायचं, आपल्या हद्दीतल्या पाचरी ठोकत जायचं आणि ठोकतच परत यायचं, एवढंच काम. पाणी घालायला कंपनीने सांगितलेलं नव्हतं. ते त्याने आपल्या मनाने सुरू केलं होतं.

वऱ्हाडातल्या कोणत्याही गाडीवानाला विचारा. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकतं, त्यावर चढवलेली लोखंडी धाव खुळखुळायला लागते, तेव्हा तो काय करतो? चाक काढून नाल्याच्या डोहात भिजत घालतो. लाकूड फुगतं, धाव गच्च बसते आणि गाडी पुन्हा रस्त्याला लागते. नत्थुजीच्या बापाने हेच केलं, आज्याने हेच केलं. मग रुळाच्या पाचरी उन्हाने सुकून खुळखुळायला लागल्यावर नत्थुजीने दुसरं काय करावं?

कारण नत्थुजी मूळचा गाडीवान. दूर कुठे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. त्या सालांत अमरावतीच्या बाजारातून निघालेल्या गाड्यांचं एक टोक दिसलं तर दुसरं दिसत नसे. लोकांनी बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं बांधली. नत्थुजी दिवाळीला गाडी जुंपून जो निघे तो आखाडाच्या तोंडाशी घरी येई. मनकर्णेचं लग्न होऊन वीसेक वर्षं झाली होती, पण डोळे मिटून नवरा आठवला की तिला तो पाठमोराच दिसायचा. मग आगगाडी आली, गाडीवानांचा धंदा बसला, बैल विकले गेले. सगळे रडले. मनकर्णा रडली नाही. नवऱ्याला कंपनीत चाकरी लागली, बोरगावच्या पुढे रुळाकाठी एक खोपटं मिळालं, जवळ एक विहीर आणि दारात एक कडुनिंब. रोज दुपारी नवरा जेवायला घरी येऊ लागला. दोघं भांडू लागली. भांडायलाही माणूस घरात असावा लागतो, नाही का?

आणि आता ही सगळी सुखाची गोष्ट त्या पाचरींवर येऊन ठेपली होती. वली मुकादमाने कालच बजावलं होतं. वली बार्शीटाकळीचा. मोठ्या आवाजाचा, पण पोटात माया असलेला माणूस.

"नत्थू, कंपनीचा सायेब येगळा, सरकारचा येगळा," तो म्हणाला होता. "कंपनीवाला झाकून घेते, हा उकरून काढते. रूळ ढिला सापडला तं कंपनीले दंड, आन् कंपनी तो राग आपल्यावर काढते. तुहा तुकडा पास झाला तं तुही नवकरी पक्की, खोपटं तुहं. नाई झाला तं चाल नागपूरकडं माती वाहाले."

नागपूरकडे नवे रूळ पडत होते, तिकडे जायचं म्हणजे नत्थुजीने रानात तंबूत राहायचं आणि मनकर्णेने भातकुलीला भावाच्या दारात. म्हणून ती आज न कुरकुरता घागरीमागून घागर आणत होती. कुरकुरत होती ती फक्त तोंडाने.

ऊन वर आलं तसे चकचकणारे रूळ लांबवर पातळ होऊन हवेत तरंगू लागले. पलीकडच्या गाडीवाटेवरच्या बाभळींना अजून कापसाचे पुंजके अडकलेले होते, मागच्या हंगामात स्टेशनावर जाणाऱ्या गाड्यांतून ओरबाडलेले. वारा नसतानाही त्यातला एखादा सुटून निघे आणि कितीतरी वेळ खाली येतच नसे. नत्थुजी तो पाहत उभा राहिला. या दिवसांत त्याला कधी कधी वाटे की आपण मुळी कुठे पोचलेलोच नाही, गाडीत कापसाने ठासून भरलेल्या बोंद्र्यावर झोपलो आहोत आणि बैल आपल्या मनाने चालले आहेत.

मृगजळातून ट्रॉली आली ती अशीच, चाकं नसल्यासारखी. चार माणसं ढकलत होती. वर पांढऱ्या टोपीतला साहेब, त्याच्या शेजारी छत्री धरून कारकून वामनराव, आणि मागून धापा टाकत वली मुकादम. वामनराव पुण्याकडचे. साहेबाचं बोलणं मराठीत आणि लोकांचं बोलणं साहेबाच्या भाषेत करणं हे त्यांचं काम, आणि दुसरं त्यांना जास्त जड जाई.

साहेब उतरला. हातात एक छोटी हातोडी. टक्. टक्. टक्. एकही पाचर हलली नाही. साहेबाने वाकून पाहिलं, आणखी वीसेक पावलं गेला. टक्. टक्. मग मान वर करून काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात, भुसावळपासून इथवर इतका घट्ट तुकडा त्यांनी पाहिला नाही," वामनराव म्हणाले. "शाबास म्हणतात."

वलीने नत्थुजीच्या पाठीत अशी थाप मारली की तो पडता पडता वाचला. "ताक घेता काय म्हना सायेबाले," एवढंच नत्थुजी म्हणाला.

साहेबाने बोरगावातून मागून आणलेलं ताक घेतलं. दोनदा घेतलं. ऊन इतकं होतं की पुढे जाण्यात अर्थ नव्हता. निंबाखाली खाट टाकली, साहेबाने टोपी तोंडावर घेतली. वामनराव खोडाला टेकून पेंगू लागले. ट्रॉलीवाले सावलीत आडवे झाले. निंबाची पिवळी पानं एकेक करून साहेबाच्या पोटावर पडत होती. जगात कुठेही आगगाडी नावाची वस्तू नाही, अशी ती दुपार होती. दारात बसून मनकर्णा नवऱ्याला म्हणाली, "आपुन एक गाय घेऊ." नत्थुजीही "घेऊ" म्हणाला. मग त्याचाही डोळा लागला, आणि झोपेत त्याला ती गाय दिसलीसुद्धा. कपिला, कपाळावर चांद असलेली.

जाग आली ती आवाजाने. टक्. आणि मग काहीतरी खडीवर पडल्याचा आवाज.

साहेब उठून पाय मोकळे करायला गेला होता, आणि हातातली हातोडी सवयीने चालवत होता. सकाळी वाजवलेलीच पाचर त्याने वाजवली, ती निघून खाली पडली. दुसरी वाजवली, तीही. तिसरी त्याने बोटांनीच उपसली. तो वाकला आणि खडीवरून त्याने तळहात फिरवला; खाली अजून ओल होती. मग हाक मारली.

"पाणी कोणी घातलं?" वामनरावांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

वलीने डोळ्यांनी खूण केली, गप्प राहा. पण नत्थुजीला वाटलं, साहेबाला युक्ती आवडली. तो पुढे झाला.

"म्या घातलं जी. रोज घालतो. गाडीचं चाक नाई का भिजवत आपुन? आज तं सायेब येनार म्हून दोनदा घातलं."

वामनरावांनी हे सांगताना साहेब नत्थुजीकडे पाहत राहिला. त्याला लबाडी पकडायची होती, आणि समोरचा माणूस तर हसत होता. साहेबाने एक पाचर उचलून त्याच्या हातात दिली, खिशातून एक कोरी पाचर काढून तीही दिली, आणि सावकाश बोलू लागला. वामनरावही सावकाशच सांगू लागले.

"दोन्ही सारख्याच मापाच्या बनवलेल्या. बघ, तुझी किती बारीक झाली आहे. लाकूड पाण्याने फुगतं, पण लोखंड मागे सरत नाही. मग लाकूड आतल्या आत चेंगरतं. वाळलं की आधीपेक्षा ढिलं. पुन्हा पाणी घातलं की पुन्हा चेंगरतं. जितकं पाणी, तितकी पाचर मेली."

नत्थुजीने दोन्ही पाचरी दोन तळव्यांवर ठेवल्या.

"म्हंजे म्याच ढिल्या केल्या?" त्याने विचारलं.

वामनराव छत्रीच्या दांड्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "हो. तूच."

"रोज गाडीतून लेकरं जातेत," नत्थुजी म्हणाला. "खिडकीतून हात हलवतेत मले."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, म्हणून लोक हसतात. नत्थुजीच्या मारुतीवरून मात्र रोज दोन वेळा माणसांनी भरलेली गाडी जात होती, आणि ती उलटली नाही ही देवाचीच कृपा. तो रुळावर बसला, आणि रुळावर बसलो हे लक्षात येताच विस्तवावर बसल्यासारखा उठला.

साहेबाने हुकूम दिले, वामनरावांनी ते सांगितले. या तुकड्यासाठी कंपनीला दंड. सगळ्या पाचरी नव्या घालायच्या. तोवर प्रत्येक गाडीने इथून माणसाच्या चालीने जायचं, आणि पुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालेल. चावीवाल्याने हातोडा जमा करावा. नव्या पाचरी बसल्या की त्याला कामावरून काढावं.

"सायेब, गरीब आदमी हाय," वली हात जोडून म्हणाला. "नियतीनं साफ हाय. पान्याचं मलेबी ठाऊक होतं. मी नाई आडवलं त्याले."

साहेब वलीला म्हणाला, आणि वामनरावांनी सांगितलं, "नियत साफ आहे हे दिसतंय. पण रूळ ते पाहत नाही."

मनकर्णा दारात उभी होती. तिला शब्द कळले नव्हते, हातोडा मुकादमाच्या हातात गेलेला दिसला होता.

"काय म्हनून राहिले ते?"

"पानी घालाचं नोहतं," नत्थुजी म्हणाला. "माह्या हातानं झालं. नव्या पाचऱ्या बसल्या का आपुन मोकळे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. घागरी तर तिने वाहिल्या होत्या. तीही तितकीच गुन्हेगार, पण तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याचाच तिला राग आला. "घागरी मी आनल्या म्हून सांगा त्याहिले," ती म्हणाली. कोणी सांगितलं नाही.

बडनेऱ्याहून येणारी गाडी उन्हं कलताना यायची. निशाण घेऊन कोण चालणार असं वलीने विचारलं तेव्हा साहेबाने नत्थुजीकडे बोट केलं. कोणती पाचर कुठे आहे हे याच्याइतकं कोणाला माहीत? निसटलेली असली तर हाच पाहील.

गाडी आली. लाल निशाण पाहून शिट्ट्या मारत, फुसफुसत ती नत्थुजीच्या पुढ्यात उभी राहिली. इतक्या जवळून त्याने तिला कधी उभी पाहिली नव्हती. डोळे खाली, निशाण वर, असा तो रुळांमधून चालू लागला, आणि मागून ती एवढी मोठी वस्तू त्याच्या पावलांनी येऊ लागली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कापसाचे दलाल, बायका, पोरं. कोणीतरी ओरडलं, "अबे, बैलाले टोच ना जरासा!" डबाभर लोक हसले. नत्थुजीने ते ऐकलं नाही. तो डावी पाचर पाहत होता, मग उजवी, मग डावी. एक हलकी दिसली तेव्हा त्याने हात वर केला, गाडी थांबली, त्याने ती टाचेने दाबून बसवली आणि पुन्हा चालू लागला.

खोपट्यापाशी मनकर्णा उभी होती. रोज गाडी जाताना भिंती थरथरत आणि तिला नुसता वारा दिसे. आज एकेक चेहरा दिसत होता. एका डब्यातली बाई लेकराला पाजत होती. तिने मनकर्णेकडे पाहिलं, मनकर्णेने तिच्याकडे. मग मनकर्णेने पदर खोचला आणि रुळाकाठच्या पायवाटेने चालायला लागली, नवऱ्याच्या बरोबरीने.

"तू कायले?" नत्थुजी न पाहता म्हणाला.

"इकडच्या बाजूच्या मी पाह्यतो," ती म्हणाली. "तुमी तिकडं पाहा."

तो पलीकडच्या रुळाकडे सरकला. धुळीत सोनेरी उजेड पसरला होता. दोघं खाली मान घालून चालत होती, आणि मागून सगळी गाडी सावकाश येत होती. हसणं केव्हाच थांबलं होतं.

हद्दीच्या दगडापाशी नत्थुजी बाजूला झाला आणि निशाण खाली केलं. एकेक डबा त्यांच्यासमोरून गेला, मग वेगाने जाऊ लागला, मग गेला. रूळ थोडा वेळ गुणगुणला आणि गप्प झाला.

"सकाळची कवा येते?" मनकर्णेने विचारलं.

"येते," नत्थुजी म्हणाला, "उन्हं व्हाच्या आंधी."

"मले उठवजा मंग," ती म्हणाली, आणि दोघं घराकडे वळली.