चारुशीलाची परीक्षा आणि माझी अडकलेली पट्टी

मित्रांनो, मी पियानो! वयाने जुना खरा, पण आवाज विचाराल तर अजून खणखणीत. जन्म माझा विलायतेतला. बोटीने मुंबईला, आगगाडीने नागपूरला आणि स्टेशनापासून सीताबर्डीच्या कॉलेजपर्यंत चक्क बैलगाडीने आलो. गाडी खड्ड्यात आपटली की माझ्या पोटातल्या दोनशे तारा एकदम कण्हायच्या आणि बैल बिचारे बुजायचे!

उमरेडची चारुशीला ही पियानो घेऊन संगीताची पदवी करणारी आमच्या कॉलेजातली पहिली मुलगी. काय मेहनती पोर! रोज सकाळी सातला यायची आणि एकच ओळ चाळीस-चाळीस वेळा वाजवायची. माझी हाडं खिळखिळी व्हायची, पण खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. तिची खोड एकच. बोट चुकलं की ती थांबायची आणि कपाळावर हात मारायची. शेवटच्या परीक्षेतही अशीच मध्येच थांबली आणि नापास झाली. १९३८च्या एप्रिलात तिला दुसरी संधी मिळाली, तीच शेवटची. ही गेली की पदवी गेली.

विलायतेहून परीक्षक साहेब येणार म्हणून कॉलेजात एकच धांदल! आमचे शिपाई नत्थूजी तर नुसते धावत होते. साहेबांना नागपूरचं ऊन सोसणार नाही, म्हणून त्यांनी माझ्या पाठीमागच्या खिडकीला वाळ्याची ताटी बांधली आणि दोन दिवस तिच्यावर घागरीवर घागरी ओतल्या. खोलीत काय सुगंध सुटला! पण पाणी माझ्या अंगावरही उडत होतं. मी पडलो लाकडाचा जीव. आतून फुगलो.

परीक्षा सुरू झाली. चारुशीलाचा हात इतका सुंदर कधीच पडला नव्हता! मी आनंदाने थरथरत होतो. आणि दुसऱ्या पानावर माझी मधली एक पट्टी खाली गेली ती वर येईचना. अरे देवा! मी आतून सगळा जोर लावला, पण छे! आता ही थांबणार, बुडाली पोर, असंच मला वाटलं.

ती थांबली नाही! डाव्या अंगठ्याने तिने पट्टी टचकन उचलली आणि पुढचा सूर वेळेवर घेतला. पट्टी पुन्हा अडकली, तिने पुन्हा उचलली. अकरा वेळा, मित्रांनो, अकरा वेळा! ताल तसूभर हलला नाही. शेवटी साहेबांनी कागदावर सही केली आणि हसून तिचा हात हातात घेतला. पास! माझ्या दोनशेच्या दोनशे तारा नाचल्या.

साहेब गेल्यावर नत्थूजी रडकुंडीला आले. "पोरी, माह्यामुळं झालं हे सारं. पियानो अडकून राहिला, हे साहेबाले काहून नाही सांगितलं वं?"

चारुशीला माझ्या पट्ट्या पुसत म्हणाली, "काका, यानं इतकी वर्षं माह्या चुका ऐकल्या. कोणाले सांगितल्या का? मग मी याची एक काहून सांगू?"

या गोष्टीला आठ वर्षं झाली. आता चारुशीलाबाई इथेच शिकवतात. पण सुट्टी लागली की माझ्या डोक्यावर फायली चढतात, कोणी चहाचा कप ठेवतं आणि झाकण दोन-दोन महिने उघडत नाही. म्हणून विनवतो, मला कोरड्या फडक्याने पुसा, ओलं काही ठेवू नका, आणि समोर बसून वाजवा. चुकाल, खूप चुकाल, तरी मला हात लावायला भिऊ नका. वाजवणारं कोणी नसलं, तर मी नुसतं लाकूड आहे.