पुढच्या चाकापाशी

बाबा गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात काका ट्रक काढायला आले, आणि ट्रक काही निघेना.

काका म्हणजे बाबांच्या गाडीवरचे दुसरे ड्रायव्हर. नात्याने कुणी नव्हेत, पण मी शाळेत जायला लागल्यापासून त्यांना काकाच म्हणते. लांबच्या फेरीला दोघं आळीपाळीने चालवायचे. एक गोष्ट मात्र ठरलेली होती. गाडी लावायची बाबांनी आणि काढायचीही बाबांनीच. "लग्नाची बायको आहे ती दादांची," काका म्हणायचे, "मी आपला दीर." त्यावर आई आतून विचारायची, "आणि मग मी कोण?"

ट्रक घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभा होता. फेरीवरून येऊन बाबांनी तो लावला, वर आले, छातीत जळजळतंय म्हणाले. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन पेटलं, थोडा वेळ चाललं, धापा टाकायला लागलं आणि विझलं. पुन्हा फिरवली, तर नुसती घरघर.

"रुसलाय," काका म्हणाले. मी हसले नाही, म्हणून तेही हसले नाहीत.

पुठ्ठ्याच्या कारखान्याने बाबांच्या फेऱ्या महिनाअखेरपर्यंत राखून ठेवल्या होत्या. तोवर ट्रक त्यांच्या फाटकाशी लागला नाही तर त्या दुसऱ्या कुणाकडे जाणार होत्या. मग ट्रक विकायचा, आणि काकांना या वयात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना, कुणी गाडीवर घेणार नव्हतं. आईने हे सगळं एकदाच, भाजी निवडता निवडता सांगितलं आणि म्हणाली, "तू बघ आता. तुला वाचलेलं समजतं."

मी ग्रंथालयात काम करते. डिझेल इंजिनावरची दोन पुस्तकं घरी आणली आणि आकृत्या पाहत बसले. आकृत्यांमध्ये सगळं स्वच्छ होतं, बाण होते, डिझेल बाणाच्या दिशेने जात होतं.

काकांनी एका मित्राची गाडी आणली, टोचन लावलं आणि आमचा ट्रक ओढत मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजात नेला. बाबा ज्यांच्याकडे काम करून घ्यायचे ते मेस्त्री बाबांच्या आधीच गेले होते, त्यामुळे हे गॅरेज नवीनच. त्याच्या मालकाला सगळे डॉक्टर म्हणत. गोरा, गोल माणूस, शर्टाच्या खिशात टॉर्च. तो इंजिनाला टेकून, मान कलती करून ऐकायचा आणि मग माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलायचा.

"ताई, घाबरायचं काम नाही. पण वेळेवर आणलंत हे बरं केलंत."

हे वाक्य मी त्याच महिन्यात दुसऱ्यांदा ऐकत होते.

त्याने इंजिनाच्या बाजूला डिझेलचा एक डबा टांगला, त्यातली नळी थेट पंपाला जोडली आणि काकांना किल्ली मारायला सांगितली. ट्रक सुरू झाला. नीट, दमदार, नेहमीच्या आवाजात. मी मागे सरले. तो आवाज मला खिडकीतून ऐकायची सवय होती, पोळी तव्यावर असताना.

"बघा," डॉक्टर म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. टाकीकडून येताना लाईन हवा धरते. पाईप कुजलाय. बदलू."

डबा काढला, ट्रक बंद पडला. मला पटलं. हवा, पाईप, सगळं आकृतीतल्यासारखं होतं.

दोन दिवसांनी गेले तर पाईप बदलला होता, टाकीपासून पंपापर्यंत सगळा. जुना तुकडा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला, चिरा पडलेला, काळा. "तुमची अमानत. उगाच कुणी म्हणायला नको." ट्रक मात्र सुरू होत नव्हता. आता टाकीत गाळ होता. टाकी धुतली. मग फिल्टर. मग डिझेल खेचणारा छोटा पंप. प्रत्येक वेळी तो मला कोपऱ्यात नेऊन टॉर्चने काहीतरी दाखवायचा, आणि प्रत्येक वेळी मला ते दिसायचं. तो म्हणाला गाळ, की मला गाळ दिसायचा.

"काका, हा बरोबर सांगतोय का?" मी एकदा बाहेर येऊन विचारलं.

"सांगतोय तर बरोबरच."

"म्हणजे?"

"म्हणजे असं होतं गाडीत. हवा धरते, गाळ येतो. होतं." ते चपलेने खडा सरकवत राहिले. "पण सगळं एकाच गाडीला, एकाच आठवड्यात? दादा असते तर..." आणि थांबले. दादा असते तर काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. काका गाडी चालवण्यात कुणाला ऐकणारे नव्हते, पण झाकण उघडलं की ते बाबांकडे बघायचे आणि बाबा मेस्त्रींकडे.

हॉस्पिटलमध्येही असंच झालं होतं. एक जण म्हणाला पित्त, दुसरा म्हणाला छाती, तिसऱ्याने फिल्म दिव्यापुढे धरून मला विचारलं, "दिसतंय ना?" मी हो म्हटलं होतं. काय दिसत होतं, ते अजून मला सांगता येणार नाही. मी शिकलेली दिसते, म्हणून लोक मला दाखवतात. आणि दाखवलं की मी मान हलवते.

मग एका दुपारी डॉक्टरने मला त्याच्या टेबलासमोर बसवलं. पंखा लावला. पाणी मागवलं.

"ताई, खरं सांगू? मोठा पंप गेलाय. तो बाहेरगावी पाठवावा लागेल. कधी येईल, आल्यावर किती दिवस चालेल, शब्द देत नाही. तुमच्या जागी माझी बहीण असती तर तिला म्हटलं असतं, सोड. माझ्या ओळखीचा एक जण जुन्या गाड्या घेतो. आहे तशी उचलेल. शनिवारी येतो म्हणाला."

"पण डब्यावर चालला होता की."

"सलाईनवर सगळेच चालतात, ताई." हे तो इतक्या मायेने म्हणाला, की मला त्याचा राग येतोय की रडू, तेच कळेना.

घरी येऊन मी आईला सांगितलं. वर्तमानपत्रातला पाईपचा तुकडा अजून शिवणयंत्रावर पडला होता, तो तिने उचलला, खिडकीशी नेला, फिरवून फिरवून पाहिला.

"हा आपला नाही."

"कशावरून?"

"हिरवं कुठंय?"

बाबा आपल्या प्रत्येक वस्तूवर हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचे. पान्यांवर, जॅकवर, डब्याच्या झाकणावर, छत्रीच्या मुठीवर. एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनी गाडीखाली पडून वायरी आणि नळ्यांवरसुद्धा वीतवीतभर अंतराने ठिपके दिले होते. तेव्हा आई म्हणाली होती, मलाही एक देऊन टाका, गर्दीत हरवले तर सापडेन.

"पुसला गेला असेल," मी म्हणाले. "तेलाने."

"छत्रीवरचा पावसाने गेला नाही."

"मग तो खोटं बोलतोय?"

"ते मला काय माहीत. हा आपला नाही, एवढं मी सांगते."

आम्ही दोघी तुकड्याकडे बघत बसलो. तो खोटा असेल तर खरा पाईप कुठे गेला? बदलला म्हणतो, तो बदललाय का? बदलला नसेल तर डॉक्टर लबाड. बदलला असेल आणि तरी गाडी चालत नसेल तर डॉक्टर अडाणी, किंवा गाडी खरंच गेलेली. तिन्ही गोष्टी मला सारख्याच खऱ्या वाटत होत्या.

"निदान त्यांनी लावली तेव्हा ती चांगली चालत होती ना?" मी विचारलं. "तू खिडकीत होतीस. आवाज वगैरे?"

"नेहमीसारखा. आले, बंद केली, उतरले, दार लावलं, चाकाशी वाकले आणि वर आले."

"चाकाशी कशाला?"

"रोजचंच. काढतानाही वाकायचे, लावतानाही."

"हो, नाडी बांधायचे," मी म्हणाले. लहानपणापासून पाहिलेलं. पुढच्या चाकापाशी एक गुडघा टेकून, गाडीच्या पायरीला हात लावून वाकलेले बाबा. मीही त्यांना तसं पाहूनच बुटाची नाडी बांधताना एक गुडघा टेकायला शिकले.

आई माझ्याकडे बघत राहिली. "कसली नाडी? जन्मात कधी बूट घातले का त्यांनी?"

बाबांच्या चपला दाराशी होत्या. अजून कुणी हलवल्या नव्हत्या. मी त्या बघितल्या, जणू त्यांना आत्ता कुठे नाडी फुटणार होती.

सकाळी काकांना घेऊन मी गॅरेजात गेले. डॉक्टर यायचा होता. ट्रक मागच्या भिंतीशी तोंड करून उभा होता. मी पुढच्या चाकापाशी गुडघा टेकला, जसा बाबा टेकायचे तसा, आणि पायरीच्या मागे हात घातला. चिखल अडवणारं रबर लागलं. त्याच्या आत बोटांना एक छोटी चपटी मूठ लागली, नळाला असते तशी. मी मोबाईलचा उजेड पाडला. टाकीकडून येणाऱ्या पाईपमध्ये एक पितळी कॉक बसवलेला होता. मूठ आडवी होती, म्हणजे बंद. मुठीवर हिरवा ठिपका होता, आणि कॉकच्या अलीकडे पलीकडे पाईपवर, वीतवीतभर अंतराने, हिरवेच ठिपके.

म्हणजे पाईप बदललाच नव्हता. आणि गाडीला काहीच झालं नव्हतं. बाबांनी ती बंद करून ठेवली होती, एवढंच. चोरी होऊ नये म्हणून. हा कॉक बाबांच्या हातानंतर कुणाच्याच हाताने फिरला नव्हता.

मी उघडायला बोटं लावली आणि तशीच राहिले. बराच वेळ असेल, कारण काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्यांनी आत पाहिलं.

"हे कधी बसवलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला?" ते सरळ उभे राहिले. "मी शेजारी बसायचो. मला म्हणायचे, तू पलीकडून उतर, टायर बघ."

त्यांचा चेहरा मला बघवेना. मागे एकदा फेरीवर टाकीतलं डिझेल चोरीला गेलं होतं. रात्री गाडीत काकाच झोपले होते. त्यांना जाग आली नव्हती. बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. निदान माझ्यासमोर तरी नाही.

"माझ्यासाठी होता का गं हा कॉक?" काकांनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. मी इतक्या दिवसांत इतक्या जणांपुढे मान हलवली होती, की ती आपोआप हलायला निघाली होती.

"मला माहीत नाही, काका," मी म्हणाले. "बाबांनी मलाही सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. ती रोज खिडकीतून बघायची, तरी नाही."

त्यांनी यावर विचार केला. "वहिनींनाही नाही?"

"तिला वाटायचं, वाकतात. मला वाटायचं, नाडी बांधतात."

"चपलेची?"

"हो."

काकांच्या नाकातून एक आवाज आला. हसू होतं की दुसरं काही, ते विचारलं नाही. मी त्यांचा हात धरून पायरीमागे नेला आणि बोटं मुठीवर ठेवली. "आता तुम्हाला माहीत आहे. फिरवा."

"तू फिरव. पोटची तू."

"गाडी तुम्ही काढणार आहात."

शेवटी दोघांची बोटं त्या एवढ्याशा मुठीवर कशीबशी मावली. ती घट्ट होती आणि मग एकदम सैल झाली. काकांनी इंजिनावरचा हातपंप मारून लाईनमधली हवा काढली, वर चढले, बसायची गादी झटकली आणि किल्ली फिरवली. थोडा वेळ घरघर झाली, धूर आला आणि इंजिन लागलं.

आवाज ऐकून डॉक्टर फाटकातून जवळजवळ धावतच आला. "बघा!" तो म्हणाला. "म्हटलं नव्हतं? नवा पाईप बसायला जरा वेळ घेतो." त्याचा चेहरा खराखुरा आनंदाने फुलला होता.

मी त्याला खाली वाकायला सांगितलं. टॉर्च त्याचीच. तो कॉक बघत राहिला, मग ठिपके बघत राहिला.

"हा नवा पाईप?" मी विचारलं.

"एवढा भाग राहिला असेल. पोरांना सांगितलं होतं सगळा काढा म्हणून." तो उठला, खिशात टॉर्च ठेवली, पुन्हा काढली. "कॉक वडिलांनी बसवला? चांगला बसवलाय. मी शपथेवर सांगतो ताई, मला पंपच वाटला होता."

आणि मला वाटतं, तेवढं खरं असावं. पाईप न बदलता बदलला म्हणणारा हा माणूस पंपाबद्दल मात्र मनापासून चुकला होता. की शनिवारच्या त्या ओळखीच्या माणसासाठी चांगला पंपही त्याने मुद्दाम गेला म्हणून सांगितला होता? मी वर्तमानपत्रातला तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. "हा दुसऱ्या कुणाची तरी अमानत आहे," म्हणाले. त्याने तो खणात सरकवला, तिथे तसे आणखी बरेच तुकडे होते.

महिना संपायच्या आत काकांनी कारखान्याची पहिली फेरी केली. संध्याकाळी ट्रकचा आवाज आला तेव्हा आई पोळ्या करत होती. तिने गॅस बारीक केला आणि खिडकीशी आली. मीही आले. काकांनी गाडी बरोबर बाबांच्या जागी लावली, बंद केली, दार लावलं. मग पलीकडच्या बाजूने टायर बघायला निघाले, सवयीने. मध्येच थांबले, परत फिरले आणि पुढच्या चाकापाशी गुडघा टेकला.

ते बराच वेळ वाकलेले राहिले. उठले, मुठीची दिशा विसरल्यासारखे पुन्हा वाकले.

"इतका वेळ लागतो का हो नाडीला?" आईने खिडकीतून विचारलं.

काकांनी वर पाहिलं. "पहिल्यांदाच बांधतोय, वहिनी."