स्वच्छ बाजू

हातातली नळी चौकटीच्या खालच्या कडेने बोटभर बोटभर सरकवत ती डाव्या कोपऱ्याशी आली आणि गळ्यातल्या मीटरवरचा आकडा एकदम उसळला. तिने नळी मागे घेतली. आकडा खाली बसला. पुन्हा पुढे नेली. पुन्हा उसळला.

"बाई, काय म्हणतंय?" भिंतीपलीकडून फिटरचा आवाज वॉकीटॉकीवर खरखरला.

"फवारा चालू आहे ना?"

"मग काय, बंद करून गप्पा मारतोय?"

"चालूच ठेव."

ती पोटावर आडवी झाली. मास्कची काच फरशीला टेकली. बॅटरीच्या उजेडात चौकटीच्या तळाशी पत्र्याची एक पट्टी दिसली, दोन स्क्रूंवर कशीबशी उभी. पट्टी जराशी ओढली तर मागे भोक. बांधकामाच्या वेळी कोणीतरी वायर न्यायला पाडलेलं, वरून लांबीचा लगदा भरून झाकलेलं. लांबी कधीच वाळून गळून पडली होती. हाताचा पंजा सहज आत गेला असता. तिने खिशातून चिकटपट्टीचा तुकडा काढून भोकासमोर धरला. तो तिच्या दिशेने फडफडायला लागला, आणि तिच्या तोंडून मास्कच्या आत एक सणसणीत शिवी निघाली.

कारखाना अणुइंधनाचा होता. आतल्या खोल्यांतली हवा चिमणीतून सोडण्याआधी एकामागोमाग एक अशा दोन भिंतींमधून गाळून घ्यायची, हा तिथला नेम. भिंत म्हणजे पोलादी चौकटीत पुढच्या बाजूने बोल्टांनी आवळलेले चोवीस चौकोनी फिल्टर, एकेकात काचेच्या तंतूंचा कागद घड्या घालघालून कोंबलेला. दोन भिंतींच्या मधल्या खोलीला सगळे ‘स्वच्छ बाजू’ म्हणत, कारण तिथे येणारी हवा एकदा गाळून आलेली. भिंतीपुढे तेलाच्या बारीक धुक्याचा फवारा सोडायचा आणि त्यातलं काही मागे निसटतं का ते मोजायचं, हे तिचं काम. म्हणून ती फवारेबाई. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेच राहिलं होतं.

प्रत्येक भिंतीला हवेचा दाब दाखवणारं एक गेज असे. फिल्टरांत धूळ साचत गेली की काटा हळूहळू चढतो, लाल रेषेला टेकला की फिल्टर बदलायचे. या चार नंबरच्या जोडीतल्या पुढच्या भिंतीचा काटा मात्र पाच वर्षं जागचा हलला नव्हता. त्याचं कारखान्यात कोण कौतुक! तिसऱ्या वर्षी हेड फिटरला त्यासाठी शिल्ड दिली गेली. हे हेड फिटर म्हणजे तिचे सासरे. त्यांनीच तिला आधी हाताखाली घेतलं, काम शिकवलं आणि मग मुलासाठी मागणी घातली. "चाचणीत पास झाली म्हणून घरात घेतली," असं ते चारचौघांत सांगत. निवृत्त होऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं.

मागची भिंत मात्र दर वर्षी मळून जाई. मागच्या फिल्टरांचा माल हलका, असं म्हणून सगळे मोकळे झाले होते. पुढची गाळणी कोरी आणि मागची भरलेली, यात काही चुकतंय हे एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. तिच्याही नाही. गेल्या वर्षी तिने छताजवळच्या ठरलेल्या नळीतून मोजलं होतं आणि ‘उत्तीर्ण’पुढे सही ठोकली होती. या वर्षी मागच्या भिंतीसाठी पुन्हा चोवीस फिल्टरांची मागणी टेबलावर आली, तेव्हा कुठे तिला टोचलं. स्वतःच्या त्या सहीची तिला आता मनापासून लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

मोठ्या साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. अधूनमधून मानही हलवली. मग त्यांनी कार्यपद्धतीची फाईल पुढे ओढली.

"यात काय लिहिलंय? ठरलेल्या नळीतून मोजा. मोजलंत?"

"मोजलं. उत्तीर्ण येतं."

"मग प्रश्नच मिटला."

"नळी छताजवळ आहे साहेब. भोक जमिनीलगत."

"तुम्हाला पोटावर सरपटायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. हौस."

साहेबांना हसू आलं नाही. ते तसे वाईट गृहस्थ नव्हते. पण वार्षिक बंद संपत आला होता, सोमवारी कारखाना सुरू व्हायचा होता आणि वरून दिवसातून तीनदा फोन येत होता.

"हे बघा, भोक आपण बुजवू. आज बुजवू. मागे अख्खी दुसरी भिंत उभी आहे. चिमणीचे पाच वर्षांचे आकडे काढा, बाहेर काही म्हणजे काही गेलेलं नाही."

"बाहेर नाही गेलं. मध्ये गेलं."

मध्ये म्हणजे स्वच्छ बाजूला. मागची भिंत बदलायला माणसं तिथूनच आत जात, नाकाला कागदी मास्क लावून, आणि उकाडा वाढला की तोही हनुवटीखाली ओढून. स्वच्छ बाजू ती. फरशी पुसून तपासायची तिथे पद्धतच नव्हती.

"काटा पाच वर्षं हलला नाही म्हणून आपण शिल्ड वाटल्या," ती म्हणाली. "गाळणीत चोथा साचत नाही म्हणून गाळणी चांगली, असं घरी कोणी म्हणतं का साहेब?"

"तुम्ही तांबडा फॉर्म भरलात तर काय होतं, माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. हिरवा फॉर्म उत्तीर्णचा, तांबडा नापासचा. तांबड्याच्या पाठीमागे यादी असते. त्या जागेत पाऊल टाकलेल्या एकूण एक माणसाचं नाव लिहायचं, मग प्रत्येकाला तपासणीच्या खुर्चीत बसवतात, लघवी तपासतात, शरीरात काय किती गेलंय ते मोजतात. आणि यादीतल्या शेवटच्या माणसाची तपासणी होईपर्यंत कारखाना बंद.

"आणि घरी काय सांगणार?" साहेबांचा आवाज मऊ झाला. त्यांनी खुर्चीमागे टांगलेल्या फोटोकडे बोट केलं. फोटोत चोवीस फिल्टरांची भिंत होती आणि तिच्यापुढे सासरे शिल्ड धरून उभे. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला होता आणि दोघेही दात दाखवून हसत होते. "बत्तीस वर्षांची नोकरी. या वयात त्यांच्या मानाला धक्का लावायचा? उद्या दहाला या. हिरवा घेऊन या."

"मान त्यांचा आहे," ती उठत म्हणाली. "त्यांनाच विचारते."

घरी सासरे टेबलफॅन खोलून बसले होते. सासूबाई पलीकडे मटार सोलत होत्या. नवरा बदलीच्या गावी, त्यामुळे घरात काय ते तिघंच. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"बाबा, चार नंबरची पुढची भिंत गळते."

स्क्रूड्रायव्हर थांबला.

"कुठे?"

"खालची ओळ, डावा कोपरा. पट्टीमागे भोक आहे."

"फिल्टर?"

"सगळे ठणठणीत."

"म्हणजे माझे बोल्ट..."

"तुमचे बोल्ट घट्टच आहेत बाबा. एकही सैल नाही."

त्यांनी हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"कधीपासून?"

"काटा हलायचा थांबला तेव्हापासून."

ते उठले आणि फळीवरच्या शिल्डपाशी गेले. लाकडाच्या पाटीवर जुनं गेज बसवून ती शिल्ड बनवली होती, काटा हिरव्या पट्ट्यात गोंदाने चिकटवलेला. सासूबाई ती रोज पुसत. सासऱ्यांनी गेजच्या काचेवर नखाने टिचकी मारली. टिक. काटा अर्थातच हलला नाही.

"मी रोज सकाळी त्या गेजला टिचकी मारायचो. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? सगळा कारखाना म्हणायचा, काका लाड करतात काट्याचे."

"लाड कसले. मला पटत नव्हतं. बत्तीस वर्षांत एकही काटा इतका शहाण्यासारखा वागला नाही पोरी. वाटायचं, अडकला असेल. दोनदा गेज बदलून घेतलं. नवा काटाही तिथेच." ते फळीकडे पाठ करून उभे राहिले. "मग शिल्ड मिळाली. दुसऱ्या दिवसापासून टिचकी मारायची सोडली."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुम्ही जायचात त्या मधल्या खोलीत?" सासूबाईंनी विचारलं.

"जायचो म्हणजे? नव्या माणसाला पहिल्या दिवशी तिथेच उभा करायचो. सांगायचो, जगातली सगळ्यात स्वच्छ हवा बघायची असेल तर ही बघ. तोंडावरचं काढून असा छातीभर..." त्यांनी सवयीने छाती फुगवायला घेतली आणि श्वास अर्ध्यावरच सोडून दिला.

साहेबांचं म्हणणं सांगायचं नाही असं तिने वाटेत ठरवलं होतं, पण आता ते आत राहीना.

"साहेबांना हिरवा फॉर्म हवाय. तुमच्या मानाला धक्का लागेल म्हणतात."

"माझ्या मानाला त्याचा टेकू कशाला?" म्हातारा असा कडाडला की टेबलावरचे स्क्रू घरंगळले. "बत्तीस वर्षं मी लोकांना एकच शिकवलं, काट्यावर विश्वास ठेवू नका, काट्याला छळा. आणि माझं नाव पुढे करून हा तुला गप्प बसवणार? तांबडा भर. त्याच्या मागे यादी असते. पहिलं नाव माझं लिही. सुवाच्य अक्षरात."

"तेवीस जणांची नावं रजिस्टरात सापडलीत. तुमच्यासकट."

"रजिस्टरात सगळे नसतात." ते खुर्चीत बसले, फॅनचं पातं उचललं, खाली ठेवलं. "पहिल्या नावाखाली एक ओळ मोकळी सोड. साहेबाच्या खोलीतला तो फोटो आहे का अजून?"

"आहे. रोज बघतात म्हणे."

"उद्या तूही बघ. कोण कुठे उभं आहे, नीट बघ." आज घरी आल्यापासून पहिल्यांदाच ती त्यांना हसताना बघत होती.

सासूबाईंनी मटाराचं ताट बाजूला सारलं.

"त्या तपासणीला उपाशी पोटी जायचं असतं का ग?"

"नाही आई. खाऊनपिऊन जायचं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उगाचच आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला तिने तांबडा फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवला. सही केलेली. गेल्या वर्षीचा तिचा स्वतःचा हिरवा फॉर्म वर टाचला होता आणि त्यावर आडवं लिहिलं होतं, ‘चुकीचा. रद्द करावा.’

साहेबांचा चेहरा ताठ झाला. "विचार केलात म्हणायचा."

"केला. घरी विचारलंही."

त्यांनी फॉर्म उलटा केला. यादीतलं पहिलं नाव वाचून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांचं बोट खाली सरकलं.

"दुसरी ओळ मोकळी का?"

ती उत्तर न देता फोटोकडे बघत होती. आजवर तिने त्यात फक्त सासरे पाहिले होते. आज तिने भिंत पाहिली. बोल्ट दिसत नव्हते, म्हणजे ती भिंतीची मागची बाजू. कौतुक सोहळ्याला जागा निवडली होती ती स्वच्छ बाजू. दोघांचेही मास्क हनुवटीखाली. आणि साहेबांच्या गुडघ्याशेजारी, खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात, पत्र्याची एक पट्टी.

"पेन देता साहेब?"

त्यांनी दिलं. तिने उभ्या उभ्याच वाकून दुसऱ्या ओळीत त्यांचं नाव लिहिलं, हुद्द्यासकट, सुवाच्य अक्षरात, आणि पेन परत त्यांच्यापुढे ठेवलं.

साहेबांनी ते नाव वाचलं. मान वळवून फोटो पाहिला. उठून फोटोजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवून त्या कोपऱ्याशी वाकले. टेबलावरचा फोन वाजायला लागला. चार वेळा, पाच वेळा. त्यांनी उचलला नाही. फोन थकून बंद पडला.

मग ते खुर्चीत येऊन बसले. फॉर्म सरळ केला आणि ‘कारखाना सुरू करू नये’ या ओळीपुढे सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली. फॉर्म तिच्याकडे सरकवताना त्यांनी हात त्यावरच ठेवला.

"या तपासणीला..." त्यांनी घसा साफ केला. "उपाशी पोटी यायचं असतं का?"

"नाही साहेब," ती म्हणाली. "सासरेही चहा घेऊनच आलेत. बाहेर बाकावर बसलेत, आठपासून."